सायकल फेरीचा माग

समजा, आपल्या महाविद्यालयाने मदतनिधीसाठी सोलापूर ते तुळजापूर सायकल फेरी काढली. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. वाटेची फाईल सर्वांच्या मोबाईलवर धाडली की काम झाले, असे वाटते. परंतु कोणती फाईल, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

२००२ साली प्रचारात आलेली जीपीएक्स फाईल म्हणजे साधा मजकूर होय : अक्षांश, रेखांश, हवी तर उंची व वेळ. तीत तीन प्रकारच्या नोंदी असतात. सिद्धेश्वर यात्रेवरून हे चटकन उमगेल. ६८ लिंगे ही ‘ठिकाणे’. त्यांचा क्रम हा ‘मार्ग’. आणि नंदीध्वज प्रत्यक्ष ज्या गल्लीबोळांतून गेले, तो ‘माग’. (सोलापुरात माग म्हटले की यंत्रमाग आठवतो, हा माग काढण्यातला!)

नुसता मार्ग धाडला, तर दोन ठिकाणांमधील रस्ता पुष्कळदा मोबाईलच निवडतो. कोणाला महामार्ग, कोणाला आडवाट. मग पाणी घेतलेले स्वयंसेवक एकीकडे आणि दमलेला सायकलस्वार भलतीकडे! म्हणून माग धाडावा. कोणीतरी आधी सायकलवरून जाऊन तो नोंदवावा. पाणी, प्रथमोपचार व पंक्चर काढण्याच्या जागा ‘ठिकाणे’ म्हणून त्याच फाईलीत घालाव्यात. नकाशा घरीच उतरवून घ्यावा. कारण उपग्रहांचे संकेत इंटरनेटवाचून मिळतात, नकाशा मिळत नाही.

मागातील उंची पाहिली, की तुळजापूरचा घाट अखेरीस आहे हे कळते. पाण्याची एक जागा त्याच्या अलीकडे हवीच.