शेजाऱ्याची बोअर ६०० फूट, मग मी ८०० जाऊ का?

प्रश्न : माझ्या डाळिंबाच्या बागेला लागून, बांधापलीकडे गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी ६०० फुटांची बोअर मारली. तेव्हापासून माझी विहीर जानेवारीतच तळ गाठते. ‘जमीन माझी, म्हणजे खालचं पाणीही माझंच,’ असे शेजारी म्हणतात. मी कर्ज काढून ८०० फूट जावे का?
— एक शेतकरी, जि. सोलापूर

उत्तर : कर्ज काढू नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत असते. खोल गेल्याने नवे पाणी मिळेलच असे नाही; बऱ्याचदा तेच पाणी दुसऱ्याच्या आधी ओढले जाते. तुम्ही ८०० गेलात की शेजारी हजार जातील. कर्ज दोघांच्या डोक्यावर आणि पाणी तेवढेच.

शेजाऱ्यांच्या हिशेबात तुमच्या आटलेल्या विहिरीचे नुकसान धरलेलेच नाही, मूळ दुखणे हेच. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. करणारा एक, भरणारा दुसरा. त्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत, त्यामुळे जास्तीचा तासभर पंप चालवायला शेजाऱ्यांना काहीच पडत नाही. वीजबिलाची सवलत शेतकऱ्याला हवीच, पण ती उपशाशी जोडलेली नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजाऱ्यांच्या दाव्याला १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टचा आधार आहे, पण तो अर्धाच. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे, आणि बोअरही त्यात आली. म्हणजे तुमची ८०० फुटांची बोअरही बेकायदाच ठरेल.

मग उपाय काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ च्या प्रबंधात लॉस एंजेलिसजवळच्या विहीरमालकांचा अभ्यास केला. बेसुमार उपशाने तिथे समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली शिरत होते. मालकांनी एकत्र येऊन उपशाची मर्यादा ठरवली आणि तिला कोर्टाची मान्यता घेतली. पुढे २००९ मध्ये ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या हिवरे बाजार गावाने तर शेतीसाठी बोअर बंद केली. तिथे पाऊस मोजून, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून, मगच पिके ठरतात; हाच पाण्याचा ताळेबंद. ऊस, केळीला जागा नाही.

शेजाऱ्यांशी भांडण वाढवण्याआधी दोघांनी मिळून भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून पाणीपातळी मोजून घ्या. ते आकडे घेऊन पाण्याच्या ताळेबंदाचा विषय येत्या ग्रामसभेत लेखी मांडा.