विरामघड्याळ घरी ठेवा!

शाळा सुटल्यावर तुम्ही धावत सुटता, तेव्हा किती सेकंद लागले हे कोणी मोजत नाही. तरी त्या धावण्यात मजा असते. पुढे मैदानावर सराव सुरू होतो, हाती विरामघड्याळ येते आणि रोज स्वतःलाच हरवायचे, असा नेम पडतो. एखाद्या दिवशी पाच सेकंद जास्त लागले की मन खट्टू होते आणि काहीजण धावणेच सोडून देतात. हे खट्टू होणे कितपत योग्य आहे?

समजा, एका विद्यार्थ्याला 800 मीटर धावण्यास पाच दिवसांत अनुक्रमे 182, 178, 185, 180 आणि 175 सेकंद लागले. सरासरी आली 180 सेकंद. मग तिसऱ्या दिवशी तो मागे पडला आणि पाचव्या दिवशी पुढे गेला, असे म्हणावे काय? नाही. प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजतानाही प्रत्येक वाचन थोडे निराळे येते. येथे तर सजीव शरीर आहे. झोप, जेवण, ऊन, वारा या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. शिवाय घड्याळाची कळ दाबणाऱ्या बोटालाही सुमारे 0.2 सेकंद उशीर होतो. एकाच वाचनावरून निष्कर्ष काढू नये, हा नियम मैदानावरही लागू आहे.

तुम्ही विचाराल, "सावकाश धावलो तर व्यायाम वाया नाही का जाणार?" सपाट जमिनीवर धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोग्रॅममागे सुमारे 1 किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. वेग बदलला तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे 50 किलोग्रॅम वजनाचा मुलगा 2 किलोमीटर धावला, तर 10 मिनिटांत धावो की 15 मिनिटांत, खर्च सुमारे 100 किलोकॅलरीच! बदलतो तो खर्चाचा दर: पहिल्या वेळी मिनिटाला 10, तर दुसऱ्या वेळी सुमारे 6.7 किलोकॅलरी. हृदयावर आणि श्वासावर ताण पडतो तो या दराचा. रोजच शर्थीने धावले, तर थकलेल्या स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही.

स्वीडनमध्ये 1930 च्या दशकात गोस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने 'फार्टलेक' ही सरावपद्धती रूढ केली. या शब्दाचा अर्थच मुळी 'वेगाचा खेळ'! रानवाटेने मनाला येईल तेव्हा वेगाने धावायचे, मनाला येईल तेव्हा वेग कमी करायचा. असाच सराव करणाऱ्या गुंडर हेग या धावपटूने 1945 मध्ये एक मैल धावण्याचा जो विक्रम केला, तो 1954 मध्ये रॉजर बॅनिस्टर 3 मिनिटे 59.4 सेकंदांत धावला तेव्हाच मोडला. खेळून धावणारा मागे राहतो असे नाही, हे यावरून दिसते.

आता तुम्हीच एक प्रयोग करा. दोन आठवडे घड्याळ घरी ठेवा. सोबत मित्र घ्या आणि एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. वाटले तर समोरच्या चिंचेपर्यंत जोरात जा, मग पुन्हा गप्पा मारत धावा. वेळ मोजायचीच असेल, तर महिन्यातून एकदा मोजा आणि काही महिन्यांची वाचने एकत्र पाहा. रोज मात्र वहीत एकच नोंद करा: उद्या पुन्हा धावावेसे वाटते काय?