पेशीविज्ञान, कर्करोग-संशोधन आणि स्त्री-शास्त्रज्ञांचे संघटन : डॉ. कमल रणदिवे यांचे कार्य

मनुष्यदेहातील पेशी देहाबाहेर काढून काचेच्या नळीत जिवंत ठेवता येतात, वाढविता येतात आणि त्यांच्यावर प्रयोग करता येतात, ही गोष्ट आज माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्याही परिचयाची झाली आहे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मात्र हे तंत्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित होते. मुंबईत ते रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डॉ. कमल रणदिवे यांचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे घेतले जात नाही. कर्करोग व कुष्ठरोग यांवरील त्यांचे संशोधन आणि शास्त्रशिक्षित स्त्रियांसाठी त्यांनी उभे केलेले कार्य ही दोन्ही एकत्रच पाहावी लागतात.

पुण्यातील घडण

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलामुलींच्या शिक्षणात त्यांनी भेद केला नाही. कमलचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. तिने डॉक्टर व्हावे, डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. पण मुलीचा ओढा मूलभूत शास्त्राकडे होता आणि तिने तोच मार्ग धरला. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळ-रामफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींचा व गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळविली. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक श्री. ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. म्हणजे पदव्युत्तर पदवी विवाहानंतरची आहे. त्या काळच्या बहुतेक सुशिक्षित मुलींचे शिक्षण विवाहापाशी संपत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या एका तारखेचे महत्त्व कळते.

त्या काळाची कल्पना येण्यास आणखी एक उदाहरण पुरेसे आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात प्रथम आलेल्या कमला भागवत, म्हणजेच पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेल्या डॉ. कमला सोहोनी, यांना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी आग्रह धरल्यावर प्रवेश मिळाला, तोही एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर.

काचेच्या नळीतील पेशी

विवाहानंतर मुंबईस आल्यावर डॉ. रणदिवे यांचा टाटा मेमोरियल रुग्णालयाशी संबंध आला. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कर्करोग वारंवार आढळतो, तर काहींत क्वचित. हा फरक कशामुळे पडतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढेही आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा कर्करोगाशी असलेला संबंध हाच त्यांच्या संशोधनाचा गाभा राहिला.

यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. ‘हीला’ या नावाने त्या आजही जगभर वापरात आहेत. त्या पेशी घेताना त्या स्त्रीची संमती मात्र घेतली गेली नव्हती.

टिश्यू कल्चर अर्थात ऊतिसंवर्धन हे काम ऐकण्यास सोपे, करण्यास अत्यंत जिकिरीचे. पेशींना सदतीस अंश सेल्सिअस तापमान सतत लागते. क्षार, शर्करा, अमिनो आम्ले व रक्तद्रव यांचे योग्य प्रमाणातील पोषक द्रावण लागते आणि ते ठराविक दिवसांनी बदलावे लागते. एखादा जिवाणू वा बुरशीचा कण आत शिरला, तर पेशींच्या आधी तोच वाढतो आणि कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात. नळ्या धुण्यापासून द्रावण गाळण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट जातीने पाहावी लागते. परदेशातून परतल्यावर डॉ. रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि तरुण संशोधकांना हे तंत्र हाताला धरून शिकविले. साठीच्या दशकात कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिकारशक्तिशास्त्र असे स्वतंत्र विभाग त्यांच्या पुढाकाराने निघाले. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालकपदाची धुराही त्यांनी सांभाळली.

आपल्या ग्रामीण भागाशी थेट निगडित असलेले त्यांचे एक काम म्हणजे पान-तंबाखू व मुखकर्करोग यांविषयीचे प्रयोग. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात अन्न साठविण्याची पिशवी असते. तिचे अस्तर बाहेर काढून तपासता येत असल्याने पान, सुपारी, चुना व तंबाखू यांचा परिणाम पाहण्यास ती सोयीची. हा विषय पुढे जगभर अभ्यासला गेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालात तंबाखूविरहित सुपारीचाही कर्करोगकारक पदार्थांत समावेश झाला. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तिच्या अंमलबजावणीची कहाणी ग्रामपंचायत सदस्यांस आम्ही सांगावी असे नाही.

दुसरे काम कुष्ठरोगाचे. १९५८ मध्ये डॉ. बापट, डॉ. रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळविलेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. कुष्ठरोगाचा खरा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही, त्यामुळे या जिवाणूच्या ओळखीविषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले. तो निराळ्या वर्गातील ठरला, तरी त्यापासून तयार केलेल्या लसीने दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले. बहुविध औषधोपचार यशस्वी ठरल्याने लसीची निकड दरम्यान कमी झाली होती, ही गोष्ट वेगळी.

स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना

प्रयोगशाळेत काम करताना डॉ. रणदिवे यांच्या दृष्टीस एक गोष्ट वारंवार पडली असणार. विद्यापीठातून शास्त्राच्या पदव्या घेऊन मुली बाहेर पडतात. पण विवाह, मूल वा पतीची बदली यांमुळे काम सुटते आणि एकदा सुटलेला धागा पुन्हा हाती लागत नाही. प्रयोग घड्याळाच्या काट्यावर थांबत नाहीत. पेशींना रविवार नसतो. अशा कामात घरी मूल सांभाळण्याची सोय नसेल, तर बुद्धी व पदवी दोन्ही निरुपयोगी ठरतात.

१९७३ मध्ये मुंबईतील अकरा स्त्री-शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ स्थापन केली. डॉ. रणदिवे या तिच्या संस्थापकांपैकी. नवी मुंबईत वाशी येथे संघटनेने नोकरी व शिक्षण करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह, मुलांसाठी पाळणाघर आणि आरोग्यकेंद्र उभारले. परिसंवाद व ठराव यांच्यावर न थांबता संघटनेने राहण्याची खोली व मुलांची देखभाल यांना अग्रक्रम दिला, हे आमच्या मते तिचे सर्वांत शहाणपणाचे पाऊल. देशाच्या निरनिराळ्या शहरांत तिच्या शाखा निघाल्या. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी स्वतंत्र योजना सुरू केली ती २००२-०३ मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनंतर. तरीही २०१८ मध्ये देशातील प्रत्यक्ष संशोधन-विकासकार्यात असलेल्या व्यक्तींत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-षष्ठांशच होते. शास्त्रशाखेत शिकणाऱ्या मुलींची संख्या याच्या कितीतरी अधिक आहे. या दोहोंमधील अंतर कोठे पडते, याचा शोध शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थिनींची विचारपूस करूनही घेता येईल.

अकोले तालुक्यात

१९८२ मध्ये डॉ. रणदिवे यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी करण्यास गेल्या. राजूर परिसरातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याचे कामही शासनपुरस्कृत प्रकल्पांतून संघटनेमार्फत झाले. उंदरांच्या पिढ्यांची नोंद ठेवणाऱ्या संशोधिकेने डोंगरी पाड्यांवरील मुलांच्या वाढीची नोंद घ्यावी, यात विसंगती नाही. एकेका जिवाची नीट नोंद केल्याशिवाय समूहाविषयी बोलता येत नाही, ही शिस्त दोन्हीकडे तीच.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरात त्यांची संशोधन संस्था परळहून खारघरच्या नव्या वास्तूत गेली. वाशीचे वसतिगृह तेथून फार दूर नाही.