बी खोटे की झोपलेले? – टरफलातील द्रव्ये आणि उगवण



आडसाली लागणीआधी हिरवळीचे खत गाडायचे म्हणून बरेच सभासद धैंचा पेरतात. पंधरवड्याने गट कार्यालयात तक्रार येते, ‘साहेब, बी खोटं निघालं, निम्मं रान मोकळंच हाय.’ पुढे बाळबांधणीच्या सुमारास त्याच रानात, उसाच्या ओळीत, धैंचाची रोपे डोके वर काढतात आणि खुरपणीचा खर्च अंगावर पडतो. बी खोटे असते तर ते तीन-चार महिन्यांनी उगवले कसे? ते जिवंतच होते, फक्त झोपले होते. ही झोप बियाच्या टरफलात असते.

टरफल म्हणजे नुसते पोते नव्हे. धैंचासारख्या द्विदल बियाच्या टरफलात उभ्या पेशींचा एक थर असतो. कुडाच्या भिंतीतल्या काठ्यांसारख्या त्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या राहतात. वरून मेणचट लेप असतो. बी पक्व होऊन वाळत असताना टरफलातील फेनॉल जातीची द्रव्ये हवेतल्या प्राणवायूने तपकिरी होतात आणि पेशींच्या भिंतीत बसतात. हिरड्याला आणि बाभळीच्या सालीला तुरटपणा आणणारे टॅनिन याच जातीचे. लाकडाला टणकपणा देणारे लिग्निनही त्याच घराण्यातले. अशा भिंतीतून पाणी आत जात नाही, आणि पाण्यावाचून कोंब हलत नाही. म्हणून कोवळ्या शेंगेतले हिरवट बी चटकन फुगते, पण चांगले वाळलेले बी आठ दिवस पाण्यात ठेवले तरी खड्यासारखे राहते.

ही भिंत कमकुवत कुठे असते? बी शेंगेला जिथे चिकटलेले असते त्या नाकाजवळ. उन्हाची धग, दिवसाची तापणी आणि रात्रीचा गारवा, जमिनीतले जिवाणू, यांनी ती जागा हळूहळू उघडते. सगळी बिये एकदम उघडत नाहीत. पहिल्या पावसानंतर ओढ बसली तर सारी रोपे एकदम मरू नयेत, अशी ती सोय आहे. रानातल्या झाडाला ती फायद्याची. आपल्याला मात्र गाडायला एकसारखे पीक हवे असते. चीनमधील एका जुन्या तळ्याच्या गाळात सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी सापडले होते. त्याचे कवच कानसून पाणी दिल्यावर ते उगवले. धैंचा इतका हट्टी नाही, पण जात तीच.

उपाय घरचाच आहे. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवावे, बुडबुडे थांबले की त्यात बी टाकून सकाळपर्यंत तसेच राहू द्यावे. चुलीवर ठेवून बी शिजवू नये! आधी मूठभर बियावर करून बघावे, फुगलेली बिये दिसली की मग बाकीचे. बी जास्त असेल तर जाड वाळूबरोबर चोळून टरफल खरवडले तरी काम होते. गंधकाम्लाची रीत प्रयोगशाळेतली आहे, ती घरी कोणी करू नये. ज्यांना घाई आहे त्यांनी ताग पेरावा, तो तीन-चार दिवसांत वर येतो. पण पाणी साचणाऱ्या किंवा चोपण रानात आमचे मत धैंचाकडेच आहे.

दुसऱ्या तऱ्हेच्या टरफलात पाणी शिरते, पण त्यातली द्रव्ये कोंबाला अडवतात. बीट हे त्याचे उदाहरण. आपण ज्याला बीटाचे बी म्हणतो ते खरे तर वाळलेले फळ असते. त्याच्या सालीतील फेनॉल जातीची आम्ले पाण्यात विरघळून कोंबाला रोखतात. आपल्यासारखे साखर कारखाने युरोपात ज्या बीटावर चालतात, त्याचेही असेच आहे. उसात बीटाचे आंतरपीक घेणाऱ्यांनी बी भिजवताना पाणी दोन-तीनदा बदलावे. एकाच पाण्यात ठेवले तर सुटलेला अर्क तिथेच राहतो आणि भिजवण्याचा निम्मा फायदा जातो.

आता उलटी बाजू. हे तपकिरी द्रव्य बियाचे रक्षणही करते. तांबड्या दाण्याचा गहू ओंबीत भिजला तरी सहसा लगेच मोडावत नाही, पांढऱ्या दाण्याचा लवकर मोडावतो. सोयाबीनचेही तसेच. पिवळ्या सोयाबीनचे टरफल पातळ, त्यात लिग्निन कमी. काळ्या सोयाबीनचे त्याहून मजबूत. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, त्या आठवत असतील. बियाण्याची पोती आपटली, थप्पी उंच रचली, मळणी यंत्र जोरात फिरवले, की हे टरफल तडकते आणि आतला कोंब दुखावतो. तेव्हा धैंचाची गरम पाण्याची युक्ती सोयाबीनला मुळीच लावू नये.

तक्रार करण्यापूर्वी एक परीक्षा करावी. १०० बिये ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवावीत आणि गोणपाट सुकू देऊ नये. न उगवलेले बी बोटाने दाबून पाहावे. मऊ पडले, बुरशी आली, तर ते मेलेले. खड्यासारखे टणक राहिले तर ते झोपलेले. तूर, मूग, उडीद यांच्या प्रमाणित बियाण्याच्या उगवणशक्तीत असे टणक बीही धरलेले असते, म्हणून पिशवीवरचा आकडा आणि रानातली रोपे यांत फरक पडू शकतो. सोयाबीनचे प्रमाण ७० आहे. १०० त ७० पेक्षा कमी उगवली तर बी वाढवून पेरावे किंवा बदलून घ्यावे.

आणि धैंचा फुलावर आला की लगेच गाडावा. शेंगा धरू दिल्या तर पुढची कित्येक वर्षे उसात तोच खुरपावा लागेल.

– ऊस विकास अधिकारी