एक गाडी, चार चालक आणि दहा हजारांचे गणित

शेकडेवारीच्या तासाला आम्ही मुलांना घरच्या गाडीची विमा पॉलिसी पाहून यायला सांगितले. बहुतेकांनी एकच प्रश्न आणला: 'नो क्लेम बोनस' म्हणजे काय?

वर्षभर क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते. क्लेम न करता वर्षे जात राहिली, तर ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. थर्ड पार्टी प्रीमियमवर मात्र सूट नसते.

पॉलिसी ज्याच्या नावावर, सूट त्याची. पण गाडी आई, बाबा, दादा, ताई कोणीही चालवो, एक क्लेम झाला की सूट शून्यावर येते.

आता गणित करू. सूट धरण्याआधीचा प्रीमियम दरवर्षी ८,००० रुपये माना. सूट ५० टक्के आहे. राजवाड्याच्या गर्दीत दादाच्या हातून दाराला पोचा पडला. दुरुस्ती ३,००० रुपये. क्लेम केला, तर सूट पुन्हा ५० टक्के होईपर्यंत ४,००० + २,४०० + २,००० + १,२०० + ४०० = १०,००० रुपये जास्त जातील!

मोठ्या नुकसानीला क्लेम जरूर करावा. विमा त्यासाठीच असतो. पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे: पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर सूट जाते. गाडी विकल्यास कंपनीकडून सुटीचे पत्र घ्यावे. तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला ती सूट मिळते.

आणि दादा-ताईंनो, पोचा पडला तर लपवू नका. क्लेम करायचा की नाही, हे घरात सर्वांनी बसून, हिशेब मांडून ठरवा.