मॅग्निटोगोर्स्कचे पैसे कुणी भरले?

प्रश्न : १९२८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत सोव्हिएत रशियाने प्रचंड कारखाने उभारले, असं आम्ही शाळेपासून वाचत आलो. पण तो देश तेव्हा गरीब, शेतकऱ्यांचा. मग एवढा पैसा आला कुठून? नोटा छापल्या की कर्ज काढलं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नोटा छापल्याच, पण त्याने काम भागण्यासारखं नव्हतं. रुबलची अडचण रशियाला कधीच नव्हती, कारण छापखाना सरकारचाच होता. कुठल्या कारखान्याला किती पोलाद, किती सिमेंट, किती मजूर हे मॉस्कोत ‘गोसप्लान’ ही योजना-कचेरी आणि तिच्या वरची मंडळी ठरवत. रुबल त्यामागून कागदोपत्री फिरत. खरी टंचाई होती दोन गोष्टींची. परदेशी यंत्रं घ्यायला डॉलर आणि मार्क हवे होते, आणि बांधकामावर राबणाऱ्या लाखो माणसांना रोज पाव हवा होता. या दोन्हींसाठी सरकारची नजर एकाच जागी गेली, ती म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावर.

परदेशी कर्जाचं म्हणाल, तर १९१८ मध्येच बोल्शेविकांनी झारच्या काळातली सगळी देणी बुडवली होती. त्यांना दीर्घ मुदतीचं कर्ज कोण देणार? जर्मनीतून वगैरे यंत्रं उधारीवर मिळत, पण त्या हुंड्या वर्षा-दोन वर्षांत फेडाव्या लागत.

आणि यंत्रं तर बाहेरूनच यायची होती. साम्यवादाचं सगळ्यात मोठं प्रदर्शन म्हणून जे कारखाने दाखवले जात, त्यांचे आराखडे बहुतांशी अमेरिकी भांडवलदारांच्या कचेऱ्यांत तयार झाले, ही गंमत शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना डेट्रॉइटच्या अल्बर्ट कान यांच्या कंपनीचा. नीपर नदीवरच्या धरणाला सल्लागार अमेरिकी इंजिनिअर ह्यू कूपर. निझ्नी नोव्हगोरोडच्या मोटार कारखान्यासाठी १९२९ मध्ये थेट फोर्डशी करार झालेला. आणि उरल पर्वताच्या दक्षिण टोकाशी, लोहखनिजाने भरलेल्या एका डोंगराच्या पायथ्याला वसवलेलं मॅग्निटोगोर्स्क हे अमेरिकेतल्या गॅरी या पोलादनगरीवर बेतलेलं. त्याच्या आराखड्यासाठी क्लीव्हलँडची मॅकी कंपनी बोलावली होती.

या मॅग्निटोगोर्स्कपाशी जरा थांबू. १९२९ च्या सुरुवातीला तिथे उघडं माळरान होतं. तीन-चार वर्षांत दोन लाखांच्या आसपास माणसं आली. बरीचशी तंबूंत आणि लाकडी बराकींत राहिली. कोळसा जवळ नव्हता. तो सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या कुझनेत्स्क खोऱ्यातून आगगाडीने यायचा. एवढ्या लांबून कोळसा आणून पोलाद परवडतं का, हा प्रश्न विचारणाऱ्याची गत चांगली होत नसे. १९२८ मध्ये शाख्ती खटल्यात खाणींतल्या इंजिनिअरांवर घातपाताचे आरोप ठेवून सरकारने तो धडा आधीच घालून दिला होता. पहिली झोतभट्टी १९३२ च्या ऐन हिवाळ्यात पेटवायची ठरली. अमेरिकी इंजिनिअर म्हणाले, थंडी ओसरू द्या. मॉस्कोला तारीख गाठायची होती. १ फेब्रुवारीला लोखंड बाहेर पडलं, वर्तमानपत्रांत जयजयकार झाला, आणि लवकरच भट्टी दुरुस्तीसाठी थांबवावी लागली. त्याच वर्षी जॉन स्कॉट नावाचा अमेरिकी तरुण तिथे वेल्डर म्हणून दाखल झाला. त्याने पुढे लिहिलेलं ‘बिहाइंड द उरल्स’ मिळालं तर जरूर वाचा. तिथली थंडी, उपाशी मजूर, परांचीवरून कोसळणारी माणसं आणि तरीही काहीतरी घडवत असल्याची त्यांची खरीखुरी धुंदी, हे सगळं त्यात आहे. ती धुंदी खोटी नव्हती, हे टीकाकारही विसरतात.

आता डॉलरकडे येऊ. जुलै १९२८ मध्येच पक्षाच्या बैठकीत स्टालिनने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की उद्योगासाठी शेतकऱ्याकडून खंडणीसारखा जादा कर घ्यावा लागेल. मग सामूहिक शेती आली. शेतकरी एकेकटा असताना धान्य दडवू शकत होता, भाव पडला तर विकायचं नाकारू शकत होता. सामूहिक शेतावर लेव्ही आधी उचलली जायची, वाटणी नंतर. १९३० मध्ये सुमारे ४८ लाख टन धान्य निर्यात झालं, पुढच्या वर्षी ५० लाखांवर गेलं. पण नेमक्या त्याच वेळी जागतिक मंदीत गव्हाचे भाव कोसळले, म्हणजे एकाच यंत्रासाठी आता कितीतरी जास्त पोती बाहेर जाऊ लागली. सरकारने वेग कमी केला नाही, पोती वाढवली. हर्मिटाज संग्रहालयातली चित्रंही विकली. राफेलपासून रेम्ब्रांटपर्यंतची २१ चित्रं अँड्र्यू मेलन यांनी १९३०-३१ मध्ये घेतली, ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. मेलन तेव्हा अमेरिकेचे अर्थमंत्री होते! शिवाय ‘तोर्गसिन’ नावाची सरकारी दुकानं होती. तिथे लग्नातली अंगठी मोडून पीठ मिळायचं. दुष्काळात त्यांच्यापुढे रांगा लागल्या, आणि ते सोनं यंत्रांच्या हुंड्या फेडायला गेलं.

दुष्काळ १९३२-३३ चा. युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाकाठ, उत्तर कॉकेशस इथे मिळून ५५ ते ८० लाख माणसं मेली, असे अंदाज आहेत. त्या दोन्ही वर्षी १७ लाख टनांच्या आसपास धान्य बाहेर जातच होतं. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातलं धान्य चोरणं हा मृत्युदंडापर्यंतचा गुन्हा ठरला. पोटाला चिमटा घेऊन देश उभारला असं आपण सहज म्हणतो. इथे चिमटा घेणारे आणि पोट असणारे वेगळे होते.

इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची कमी जणांना. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बार्सोव या सोव्हिएत अर्थतज्ज्ञाने जुन्या नोंदी काढून हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात शेतीकडून उद्योगाकडे गेलेला निव्वळ वाढावा फारसा वाढलाच नव्हता. कारण उघड आहे. जनावरं सामूहिक शेताच्या गोठ्यात बांधण्यापेक्षा शेतकऱ्यांनी ती कापून खाल्ली, उरलेली चाऱ्याविना मेली. पाच वर्षांत घोड्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. मग नांगरायला ट्रॅक्टर द्यावे लागले, म्हणजे शेतीतून ओढलेलं बरंचसं शेतीतच परत ओतावं लागलं.

मग सरकारच्या हाती काय आलं? धान्यावरचा ताबा आणि माणसं. १९२६ मध्ये शहरांत २ कोटी ६० लाख लोक होते, १९३९ मध्ये ५ कोटी ६० लाख. गावात काही उरलं नाही म्हणून निघालेले, कुलक म्हणजे सधन शेतकरी ठरवून हद्दपार केलेले, छावण्यांतले कैदी. यांतलेच हजारो मॅग्निटोगोर्स्कलाही होते. कामगारांच्या मजुरीची खरी किंमत खूप घसरली. त्यातूनही ‘स्वखुशीने’ कर्जरोख्यांचे पैसे कापले जात. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणून एवढंच: कारखाने गावातून आलेल्या स्वस्त हातांनी आणि त्यांच्या ताटातून काढलेल्या पावावर उभे राहिले.

फळ काय? पोलाद १९२८ मध्ये ४३ लाख टन होतं. १९३२ साठी लक्ष्य एक कोटीच्या वर, प्रत्यक्षात झालं ५९ लाख. तरी योजना सव्वाचार वर्षांत पुरी झाल्याची घोषणा झाली. १९४० मध्ये मात्र आकडा १ कोटी ८३ लाखांवर पोचला होता, आणि पुढच्याच वर्षी हिटलर चाल करून आला. युद्ध याच पोलादावर जिंकलं, हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. तो निम्मा खरा आहे. उरलपलीकडचे कारखाने नसते तर रणगाडे आले नसते, हे बरोबर. पण १९३३ मधलं धान्य देशात ठेवलं असतं, किंवा घोडे जिवंत राहिले असते, तर युद्ध हरलं असतं, हे कुणी सिद्ध केलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

प्रश्न : मग आपला भिलाई कारखानाही रशियाच्याच मदतीने झाला. तोही असाच का?
– तेच वाचक

उत्तर : यंत्रं आणि इंजिनिअर तिथलेच, करार फेब्रुवारी १९५५ चा, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नेहरू मॅग्निटोगोर्स्क पाहून आले. भिलाईतही गावांच्या जमिनी गेल्या. पण पैशाची वाट वेगळी होती. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाचं, बारा वर्षांत रुपयांत फेडायचं, आणि त्या रुपयांत रशिया आपल्याकडून माल घेणार. धान्य विकून यंत्रं आणायची वेळ आपल्यावर आली नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा आपण पीएल-४८० च्या कराराखाली अमेरिकेचा गहू खात होतो.