आराशीची फुले : पेरणी हिवाळ्यात, उपयोग भाद्रपदात

राज्यात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून गणेशोत्सवाच्या आराशीस टिकाऊ पर्यायांची गरज आहे. मूळचे ऑस्ट्रेलियातील स्ट्रॉफ्लॉवर हा असाच एक पर्याय होय. या फुलाची पाकळ्यांसारखी भासणारी कोरडी छदे सुकल्यावरही रंग टिकवून धरतात. करी रोडसारख्या दाट वस्तीतील शाळांना व चाळींना गच्चीवरील कुंड्यांतही ही फुले घेता येतील. मात्र ओलसर हवेत छदे मिटतात. म्हणून मुंबईत फुले कोरड्या दिवसांत हाती येतील, अशा बेताने पेरणी करणे अगत्याचे आहे.

पाऊस सरताच, ऑक्टोबरमध्ये बी पेरावे. उगवणीस प्रकाश लागतो. त्यामुळे बी ओल्या मातीवर पसरून हलकेच दाबावे, मातीने झाकू नये. आठ-दहा दिवसांत उगवण होते. चार-सहा पाने येताच रोपे भरपूर उन्हाच्या जागी, सुमारे २५ सेंटिमीटर अंतरावर लावावीत. पाण्याचा निचरा उत्तम असावा. पेरणीपासून सुमारे तीन महिन्यांत फुले येतात.

छदांचे बाहेरील दोन-तीन फेरे उमलताच, मधला भाग मिटलेला असतानाच फूल कापावे. पूर्ण उमललेल्या फुलाची छदे सुकताना मागे वळतात. सुकलेला देठ सहज मोडतो. म्हणून ताज्या फुलातच बारीक तार खोचावी. फुलांच्या जुड्या अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलट्या टांगाव्यात.

सुकलेली फुले पावसाळ्यापूर्वी हवाबंद डब्यात भरावीत आणि आराशीच्या वेळीच बाहेर काढावीत.